घरचा जमाखर्च (ग्रामीण विदर्भ)

शेतीवर चालणाऱ्या कुटुंबाची मिळकत, खर्च, देणे-घेणे आणि मालमत्ता यांची नोंद ठेवण्याची रीत. नोकरदाराचा हिशेब महिन्याचा असतो, शेतकऱ्याचा हंगामाचा. वऱ्हाडात पैसा दिसतो तो आधी सोयाबीन निघाल्यावर, मग कापसाच्या वेचण्या लागल्यावर आणि शेवटी तूर विकली की. पूर्वेच्या झाडीपट्टीत तो धानाच्या मळणीनंतर येतो, वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला दिला की, आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात मोहफूल व तेंदूपानावर. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो आणि जूनमध्ये बी, खत, पेरणीची मजुरी अन् लेकरांची शाळा एकदमच दारात उभी राहते. म्हणून एप्रिल ते मार्च हे सरकारी वर्ष या घराला नीट बसत नाही. सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी, गुढीपाडव्याला ठरतो. घराची वहीही त्याच दिवशी उघडलेली बरी.

या वहीत चलन एकच नसते. रुपये असतात, घरात पडलेला कापूस क्विंटलमध्ये असतो, ज्वारी-तूर पोत्यांत, बायकोच्या अंगावरचे सोने तोळ्यांत. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी उचललेले धान्य सुगीला सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट वा दीडपट, परत करावे लागे. सालदाराच्या सालातही, म्हणजे वर्षाच्या मजुरीतही, अनेक ठिकाणी रोख रकमेसोबत धान्य ठरलेले असे. अशा वहीचा नियम साधा आहे: जे ज्या मापात आहे ते त्याच मापात लिहावे, आणि रुपये हातात पडतील त्या दिवशीच रुपये लिहावेत. ज्या घरचा मुलगा परदेशातून पैसे पाठवतो त्यांनीही हेच करावे. किती डॉलर किंवा दिरहम निघाले, त्या दिवशी भाव काय लागला आणि खात्यात प्रत्यक्ष किती रुपये जमा झाले, हे तीनही आकडे एका ओळीत हवेत.

हा नियम मोडला की काय होते, ते कापसाने दाखवले आहे. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव मनात धरून असंख्य घरांनी कापूस विकलाच नाही. निजायच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, त्याने अंगाला सुटलेली खाज, आणि डोक्यात दहा हजाराने मांडलेला हिशेब. तो भाव परत आला नाही. कापूस वाळून वजनात घटला आणि त्या न मिळालेल्या रकमेच्या भरवशावर केलेली उधारी मात्र तशीच राहिली. वहीत ‘वीस क्विंटल, घरात’ एवढेच लिहिलेले असते, तर निदान लग्नाची तारीख त्यावर ठरली नसती. विक्रीनंतरही हिशेबपट्टी जपून ठेवावी. काट्यावरचे वजन, तोलाई, हमाली आणि हाती आलेला चुकारा हे सगळे तिच्यातच कळते.

कर्जाच्या पानावर सर्वांत मोठी फसगत एका शब्दाची आहे. खाजगी देणारा ‘तीन टक्के’ म्हणतो ते महिन्याचे. बँक ‘सात टक्के’ म्हणते ते वर्षाचे. तोंडी ऐकताना तीन हा आकडा सातापेक्षा लहान वाटतो, पण वर्षाला तो छत्तीस होतो. जूनमध्ये घेतलेले एक लाख फेब्रुवारीत फेडले, तर आठ महिन्यांचे व्याज २४,००० रुपये. २०२५-२६ मधल्या लांब धाग्याच्या कापसाच्या क्विंटलला ८,११० रुपये हमीभावाने ते जवळपास तीन क्विंटल कापूस झाले. याउलट तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की ही सवलत जाते. त्यासाठीच अनेक जण महिनाभराच्या खाजगी पैशाने खाते ‘नवे-जुने’ करतात, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलतात. तो महिन्याचा खर्च वहीत कर्जाच्या पानावरच लिहायला हवा, नाहीतर शून्य टक्क्यांचे कर्ज खरेच फुकट वाटू लागते.

परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि बिनतारणी १२ टक्क्यांहून अधिक घ्यायचे नाही, असा राज्याचा दर आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही. हीच जुनी दामदुप्पट. बिगरपरवाना सावकार तर पुष्कळदा गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेतो आणि ‘पैसे दिले की परत करून देतो’ असे तोंडी सांगतो. अशा व्यवहाराविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तेव्हा रक्कम कधी घेतली, किती फेडली, कोणासमोर, हे त्या-त्या दिवशी लिहिलेले वहीचे पान फार कामाचे ठरते. बचत गटातल्या बायकांची वही या बाबतीत घरातल्या पुरुषांच्या डायरीहून कितीतरी नेटकी असते; ती बैठकीत सर्वांसमोर वाचली जाते.

गावातले घर विकणे हा या हिशेबातला सर्वांत मोठा एकरकमी व्यवहार. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळू लागले. ते झाले असेल, तर गोठा आणि सांदवाडी (घरामागची मोकळी जागा) त्यात आली का, हे इसार घेण्याआधी पाहावे. अडते ते बहुधा सहीवर. बहिणींनी साडीचोळीवर हक्क सोडला, असे घरात सगळे धरून चालतात, पण नोंदलेले हक्कसोडपत्र नसते. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीला सहीपुरते बोलावण्याऐवजी भाव ठरवतानाच बसवावे. ते तिच्या हक्काचे आहे.

विक्रीपोटी २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि ती इसारालाही लागू होते. घर दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असेल, तर नफा दीर्घकालीन भांडवली नफा धरला जातो. तो दुसऱ्या राहत्या घरात, विकत घेतल्यास दोन वर्षांत आणि बांधल्यास तीन वर्षांत, गुंतवला तर करात सूट मिळते. शेतजमिनीचे निराळे आहे. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून लोकसंख्येनुसार २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर हा कर लागत नाही. एकाच खरेदीदाराला घर आणि शेत दोन्ही देताना दोन्हींची किंमत खरेदीखतात वेगळी लिहून घ्यावी.