बाभळीची शेंग आणि शेळीच्या पोटातला जंत

बाभळीची हिरवी शेंग चावून पाहा, जीभ आखडते. शेंगेतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्याचा हा परिणाम. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात तेही याच गुणामुळे. सिन्नर-येवल्याच्या बांधांवर संगमनेरी शेळ्या मात्र याच शेंगा आवडीनं फोडून खातात.

शेळ्यामेंढ्यांचा मोठा वैरी म्हणजे हिमॉन्कस हा जंत. जनावराच्या चौथ्या पोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी शेवटच्या कप्प्यात राहून तो रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली, म्हणजे हजार जंत असले की रोज ५० मिली रक्त गेलं. जनावर खंगतं, जबड्याखाली पाणी उतरतं. मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात आणि पावसाळ्यात अळ्या ओल्या गवतावर चढून बसतात. दरवर्षी सगळ्या कळपाला तेच औषध पाजलं, की त्यातून वाचलेल्या जंतांची पिलावळ त्या औषधाला दाद देईनाशी होते.

टॅनिनचं काम निराळं. ते अळीच्या कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं, तिला पोटात बस्तान बसवू देत नाही. मादीची अंडीही घटतात. शिवाय पहिल्या पोटात ते चाऱ्यातली प्रथिनं धरून ठेवतं आणि चौथ्या पोटातल्या आम्लात सोडतं. जंतानं पोखरलेल्या जनावराला ती उपयोगी पडतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात सेरिसिया लेस्पेडेझा हा टॅनिनवाला चारा वाळवून देतात, तो याचसाठी. मला यात आणखी एक फायदा दिसतो: मान वर करून पाला ओरबाडणाऱ्या शेळीच्या तोंडात गवतावरच्या अळ्या जातच नाहीत.

पण प्रमाण सांभाळायला हवं. एकूण सुक्या चाऱ्यात टॅनिन पाच-सहा टक्क्यांवर गेलं की जनावर खाणं कमी करतं, पचनही बिघडतं. मेंढीला तर शेळीइतका तुरटपणा सोसत नाही. आणि वेड्या बाभळीच्या गोड शेंगा म्हणजे या शेंगा नव्हेत.

खरी अडचण वेळेची आहे. शेंगा पडतात उन्हाळ्यात, जंत माजतात आषाढ-श्रावणात. म्हणून शेंगा वाळवून पोत्यात भरून ठेवाव्यात आणि पावसाळ्यात रोजच्या चाऱ्यात थोड्या थोड्या मिसळाव्यात. सोबत आठवड्या-पंधरवड्यानं प्रत्येक जनावराची खालची पापणी उलटून बघावी. आतून लालसर असेल तर ठीक. पांढरी पडली असेल, तर शेंगांच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना विचारून त्या जनावराला औषध पाजावं.