वांग्याची तुकतुकी, समईची झळाळी

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेले ताजे वांगे आणि देव्हाऱ्यातली नुकती घासलेली समई ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींवर ट्यूबची उभी रेघ दिसेल. वांगे जांभळे आहे, पण त्याच्यावरची रेघ पांढरी दिसते. समईवरची रेघ मात्र पिवळी. (उघडा, प्रखर बल्ब घेऊ नका. त्याने डोळे दिपतात आणि दोन्ही ठिकाणी पांढरेच दिसते.)

हा फरक मराठीने आधीच टिपून ठेवला आहे. वांगे तुकतुकीत असते, समईला झळाळी असते. वांग्याला झळाळी आली असे कोणी म्हणत नाही.

वांग्याच्या सालीवर मेणाचा पातळ, गुळगुळीत थर असतो. समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम तीन-चार टक्के प्रकाश हा थर परत फिरवतो, आणि तो फिरवताना रंगांत भेदभाव करत नाही. म्हणून रेघ पांढरी. उरलेला प्रकाश सालीत शिरतो, तिथल्या रंगद्रव्यात गाळला जातो आणि जांभळा होऊन सगळीकडे विखुरतो. म्हणजे तुकतुकी वरच्या थराची आणि रंग आतला. आंब्याची कोवळी पालवी, तेल लावलेली कातडी, पॉलिश केलेले लाकूड, सगळीकडे हेच घडते. वांगे शिळे झाले की साल सुरकुतते, आरसा मोडतो आणि तुकतुकी जाते. बाजारात वांगी निवडणारे नेमकी हीच परीक्षा करत असतात.

धातूत प्रकाश आत शिरतच नाही म्हटले तरी चालेल. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन त्याला पृष्ठभागावरूनच माघारी धाडतात. चांदी जवळजवळ सगळे रंग सारखेच परत पाठवते, म्हणून ती पांढरी. सोने, तांबे, पितळ निळा प्रकाश बराचसा गिळतात आणि पिवळा-तांबडा परत देतात. इथे रंग आणि चमक वेगळे नाहीत, दोन्ही एकाच परावर्तनातून येतात. झळाळी ती हीच.

ती टिकवणे खाडीकाठी कठीण जाते. हवा दमट, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून गंधकयुक्त वायू निघतो. कोपरी, ऐरोली, वाशीकडच्या घरांना तो वास ओळखीचा आहे. पितळेतल्या तांब्याशी ऑक्सिजन आणि गंधक जोडले जातात, वर काळपट पापुद्रा धरतो. त्यावर जुना उपाय चिंचेचा, आणि तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने पक्का आहे. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून कोळ काढा, चमचाभर मीठ घाला, समईला चोळा आणि दोन-तीन मिनिटांत धुऊन टाका. चिंचेतले टार्टारिक आम्ल पापुद्रा विरघळवते, मीठ त्याला हातभार लावते. कोळ तासभर तसाच ठेवला तर मात्र बिघडते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्ल जस्ताला आधी ओढून काढते, वर नुसते तांबे उरते आणि समईवर गुलाबी डाग पडतात. धुतल्यावर लगेच कोरड्या सुती कपड्याने पुसा. नळाचे थेंब वाळू दिले तर त्यातले क्षार ठिपके होऊन बसतात.

रांगोळीने खसाखसा घासू नये, याचेही कारण प्रकाशातच आहे. दृश्य प्रकाशाची लहर 400 ते 700 नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. पृष्ठभागावरचे खड्डे त्याहून बरेच लहान असतील तर प्रकाश एकाच दिशेला फिरतो आणि आपला चेहरा दिसतो. ही खरी चकाकी. खड्डे मोठे झाले की प्रकाश फाकतो, चेहरा पुसट होतो. रांगोळीचा कण प्रकाशलहरीच्या कितीतरी पट मोठा, त्याचा ओरखडाही तसाच. समई स्वच्छ, पिवळी होते, पण तिच्यात वातीची ज्योत रेखीव उमटत नाही.

ओरखड्यांची एक गंमत स्टीलच्या जुन्या ताटात दिसते. ताट एका बल्बखाली तिरपे धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती बारीक, चमकत्या गोल रेघांचे जाळे दिसेल, जणू ताट गोल गोल घासले आहे. आता ताट जागेवरच गोल फिरवा. रेघांचे केंद्र ताटाबरोबर जात नाही, ते प्रतिबिंबापाशीच राहते. ओरखडे खरे तर सगळ्या दिशांना असतात. ज्यांची दिशा प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात आहे तेवढेच डोळ्यात प्रकाश टाकतात, बाकीचे अंधारात राहतात. लोकलच्या खिडकीच्या घासलेल्या काचेतून रात्री फलाटावरचा दिवा पाहिला तरी हेच दिसते.

पाण्यावरच्या लखलखाटामागेही अशीच निवड आहे. रात्री तलावपाळीवर मासुंदा तलावाच्या कठड्याशी उभे राहा. पलीकडच्या काठावरच्या प्रत्येक दिव्याचा उभा, थरथरता पट्टा पाण्यातून थेट तुमच्यापर्यंत आलेला दिसतो. शेजारी उभ्या माणसाला तोच पट्टा त्याच्याकडे आलेला दिसतो. तरंगांच्या असंख्य उतरत्या पाठी म्हणजे छोटे छोटे आरसे. त्यातले जे नेमक्या कलात असतात तेच चमकतात आणि पुढच्या क्षणी दुसरे. तरंग तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर थोडाही कलला तरी चमकणारी जागा पुढेमागे खूप सरकते, आडवा कलला तर थोडीच. म्हणून पट्टा लांब आणि अरुंद. वारा पडला की तो आखडत जातो आणि शेवटी पाण्यात दिव्याचे उलटे चित्र उरते. पट्ट्याच्या रुंदीवरून लाटांचे उतार मोजता येतात. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी विमानातून काढलेल्या समुद्राच्या छायाचित्रांवरून ते मोजून 1954 मध्ये प्रसिद्ध केले. वाशीच्या सागर विहारवरून मावळतीला खाडीत पसरणारा सोनेरी पट्टा त्याच जातीचा.

पायाजवळचे पाणी मात्र काळे दिसते. सरळ खाली पाहिले तर पाणी दोनच टक्के प्रकाश परत देते. नजर पाण्याला दहा अंशांइतकी लगटून गेली की हा आकडा पस्तीस टक्क्यांच्या आसपास जातो.

मिणमिणणे आणि लुकलुकणे हे शब्दही एकाच्या जागी दुसरा चालत नाहीत. मिणमिणते ती समई, कारण तिचे तेल संपत आले आहे. उणेपणा दिव्यातच आहे. लुकलुकतो तो तारा, आणि त्याच्यात काहीच बिघडलेले नसते. त्याचा प्रकाश आपल्या हवेच्या गरम-थंड थरांतून हलत-वाकत येतो. जानेवारीच्या रात्री क्षितिजालगतचा व्याध हा तेजस्वी तारा पाहिला तर तो रंगही बदलताना दिसतो. गुरू ग्रह मात्र शांत असतो. त्याची तबकडी आपल्याला व्याधापेक्षा हजारो पटींनी मोठी दिसते, त्यामुळे तिच्या एका बिंदूचा प्रकाश हलला तरी बाकीचे ते झाकून टाकतात.

आता कवडसा. बहुतेकांना तो उन्हाचा नुसता तुकडा वाटतो, पण तो सूर्याचे चित्र असतो. जाड पुठ्ठ्याला 3 मिलिमीटरचे चौकोनी भोक पाडा, पुठ्ठा उन्हात धरा आणि 3 मीटर अंतरावर सावलीत पांढरा कागद किरणांना काटकोनात ठेवा. भोक चौकोनी, तरी कवडसा गोल, सुमारे 3 सेंटिमीटरचा. अंतराला 108 ने भागले की सूर्यबिंबाचा आकार मिळतो. कागद जवळ आणला तर चित्र न बनता भोकाचाच चौकोन दिसतो. भोक मोठे केले तर कडा पसरट होतात, फार बारीक केले तर कवडसा इतका फिका होतो की दिवसाच्या उजेडात हरवतो. सूर्याकडे भोकातून कधीही पाहू नये, नजर फक्त कागदावर.

झाडाखाली हीच भोके पाने एकमेकांवर येऊन होतात. खंडग्रास सूर्यग्रहण असले, जसे 26 डिसेंबर 2019 च्या सकाळी ठाणे-नवी मुंबईत होते, की ऊन असेल तिथे झाडांखालच्या रस्त्यांवर पडणारा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीच्या आकाराचा होतो.