पत्त्याचा पुरावा नसला तरी आधार कार्ड: सेक्सवर्कर महिलांसाठी अर्जाची माहिती

प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने देहविक्री करणं हा भारतात गुन्हा नाही. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा ठरतो तो कुंटणखाना चालवणं, त्यासाठी जागा देणं, दलाली करणं आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं. दोघींनी मिळून एका खोलीत धंदा केला तरी ती खोली कायद्याच्या लेखी कुंटणखानाच! मग भाडेकरार लिहून देणार कोण? बुधवार पेठेत किंवा कामाठीपुऱ्यात निम्मं आयुष्य गेलेल्या बाईकडेही पत्त्याचा कागद नसतो, आणि त्यापायी आधार, रेशन, बँकेचं खातं, सगळंच अडतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मासकर खटल्यात यावर वाट काढून दिली. आधार प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या नमुन्यातला दाखला असला की आधार मिळालं पाहिजे. या दाखल्यावर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेतल्या राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांची सही लागते.

सुरुवात वस्तीत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थेपासून करा. दाखला कसा मिळवायचा ते तिथल्या ताई सांगतील. धंद्यातलं नाव वेगळं असेल तर कागदावर कोणतं घालायचं ते आधीच पक्कं करा. पुढे बँक, रेशन, मुलांची शाळा सगळीकडे तेच चालणार, म्हणून यात घाई नको. मग दाखला आणि नोंदणी अर्ज घेऊन आधार केंद्रावर जा. नवी नोंदणी मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी क्रमांकाची पावती जपून ठेवा. पूर्वी कधी आधार काढलेलं असेल तर नवी नोंदणी करू नका, जुनाच क्रमांक शोधून घ्या.

कार्डावर धंदा कळेल ही भीती अनेकींना असते. तुम्ही सेक्सवर्कर आहात हे ओळखू येईल असा कोणताही संकेत आधार नोंदणी क्रमांकात नसावा आणि माहिती गुप्त राहावी, असं न्यायालयाने स्पष्ट बजावलं आहे.

रेशन कार्ड आणि मतदार ओळखपत्र देण्याचे आदेशही याच खटल्यात झाले आहेत. कुणी अर्ज घ्यायला नकार दिला तर नकार लेखी मागा आणि मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.