बोटाला कळणारा टाळू

फाटलेला ओठ दारातूनच दिसतो. नुसता टाळू, म्हणजे तोंडातलं वरचं छत, दुभंगलेला असला, तर बाळ वरून अगदी साजरं दिसतं. दूध नाकातून यायला लागतं तेव्हा घरचे घाबरतात. "गिराणात इळीवर भाजी चिरली, तवाच झालं," असं म्हणत आई स्वतःलाच दोष देत बसते. खरं तर टाळूच्या दोन बाजू गर्भाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत जुळायला हव्यात, त्या जुळलेल्या नसतात. त्यात तिचा काहीच दोष नाही, आणि हे तिला सांगणं उपचाराइतकंच महत्त्वाचं आहे.

या विषयाच्या इतिहासात एक वैद्यकीय विद्यार्थीच रुग्ण म्हणून भेटतो. 1819 साली पॅरिसमध्ये रू या शल्यविशारदाने जॉन स्टीफन्सनचा टाळू शिवला. पुढच्याच वर्षी एडिंबरा इथे स्टीफन्सनने त्याच शस्त्रक्रियेवर प्रबंध लिहिला. पुढे माँट्रियलमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्यांत तो होता.

मराठवाड्यात हे शिक्षण उशिरा आलं. तेव्हाच्या औरंगाबादचं, म्हणजे घाटीचं महाविद्यालय 1956 चं, अंबाजोगाईचं 1974 चं. मधल्या काळात मोठा आधार ठरली ती शिबिरं. डॉ. शरदकुमार दीक्षित 1968 पासून अमेरिकेहून येऊन देशभर मोफत शस्त्रक्रिया करत. पुढे कर्करोगामुळे त्यांचं स्वतःचं स्वरयंत्र गेलं, तरी इतरांचे ओठ शिवणं त्यांनी थांबवलं नाही. अशा माणसापुढे हात आपोआप जोडले जातात.

पण शिबिरात विद्यार्थ्याला दिसायची ती टाके घातलेली जखम. टाके निघाल्यावरही मूल "बाबा" म्हणायला जातं आणि "मामा" ऐकू येतं, कारण हवा नाकातून निसटते. टाळूचे स्नायू नीट जुळलेले नसले की मधल्या कानात पाणी साचतं आणि ऐकणं मंदावतं. हे ओपीडीत पुन्हापुन्हा भेटल्याशिवाय समजत नाही.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मदोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आला. 2019 च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात त्याची कारणं, वर्गीकरण आणि दुरुस्तीची तत्त्वं आहेत. एवढं पाठ करून मात्र भागत नाही. प्रसूती वॉर्डात विद्यार्थ्याने हात धुऊन, टॉर्च घेऊन बाळाचा टाळू मागपर्यंत बघायला हवा. पडजीभ दुभंगलेली आहे का, हे पाहायचं आणि मग बोट फिरवायचं. वरचं आवरण अखंड असलं तरी आतल्या हाडातली खाच बोटालाच लागते. आणि तिथंच आईला दाखवायचं, बाळाला उभं धरून बोंडल्याने दूध कसं पाजायचं ते.