गोव्यातील जडावाचे लाकूडकाम

सागवानी लाकडात आबनूस व हस्तिदंत बसवून केलेले, पोर्तुगीज अमदानीतील गोव्याशी निगडित असलेले नक्षीकाम. उपलब्ध वस्तू बहुतांशी सतराव्या शतकातील, त्यातही उत्तरार्धातील मानल्या जातात. मात्र ही कालनिश्चिती मुख्यतः शैलीवरून केलेली आहे. ‘कोंतादोर’ ही या कामाची प्रातिनिधिक वस्तू होय. अनेक खणांची पेटी आणि तिला खाली वेगळी बैठक, असा तिचा युरोपीय घाट असतो. पुष्कळदा दर्शनी बाजूस दोन-तीन छोटे खण दिसतात, तेथे प्रत्यक्षात एकच रुंद खण असतो.

नक्षीचा पाया म्हणजे एकमेकांना छेदणारी वर्तुळे. कंपासाने ती आखली, की छेदांतून आपोआप पाकळ्या तयार होतात. आखणीबरहुकूम सागात पटाशीने उथळ खाचा पाडून त्यांत काळ्या आबनुसाचे तुकडे सरसाने चिकटवीत आणि वर हस्तिदंताच्या किंवा पितळेच्या बारीक खिळ्या ठोकीत. हस्तिदंती खिळीचे डोके घासून सपाट केले, की काळ्या भूमीवर पांढरा ठिपका उरतो. हा ठिपका केवळ शोभेचा नसावा. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड फुगते व सरस सैल पडतो. अशा वेळी तुकडा जागेवर राहतो तो खिळीमुळे.

उगमाविषयी मतभेद आहेत. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने सिंधमधील जडावाचे सामान गोवा व कोची येथे जात असल्याचे नोंदवले आहे. त्यावरून गोव्यातील जडावाच्या वस्तू बाहेरून आलेल्या असाव्यात, असा एक पक्ष मांडला जातो. गुजरात-सिंधकडील काम मात्र निराळे दिसते: त्यात वेलबुट्टी, शिकारीची दृश्ये व पशुपक्षी यांचा भर असतो. वसई, चौल, ठाणे हा पोर्तुगिजांचा उत्तरेकडील मुलूखही काही अभ्यासक सुचवतात. वर्तुळांच्या गटापुरता गोव्याचा दावा अधिक सबळ वाटतो. या कोंतादोरांच्या बैठकीचे पाय अनेकदा नागकन्या किंवा मत्स्यकन्यांच्या रूपात कोरलेले असतात आणि त्याच जातीच्या आकृती गोव्यातील चर्चच्या प्रवचनपीठांना आधार देताना आढळतात. एवढे जड, जागेवर बसवलेले काम दूरच्या प्रांतातून आणवले असेल, असे मानणे कठीण आहे. आकृत्यांचा हा वारसा स्थानिक हिंदू सुतार-मूर्तिकारांकडून आला असावा.

अठराव्या शतकात जुने गोवे ओस पडत गेले, तसे हे कामही मागे पडले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात व लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात या कामाचे नमुने आहेत.

नमुना पारखताना पांढऱ्या तुकड्यांची तपासणी महत्त्वाची ठरते, कारण नंतरच्या दुरुस्तीत हस्तिदंताऐवजी हाड वापरलेले असू शकते. हाडाच्या पृष्ठावर भिंगाखाली बारीक काळसर टिंबे व रेघोट्या दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. खिळीचे डोके हा बहुधा असाच आडवा छेद असल्याने तपासणीची सुरुवात तेथूनच करणे सोयीचे पडते.