रुळांमागून चर्च, सरकारी पैशातून शाळा: शेल्डन जॅक्सन

अलास्कातल्या त्लिंगिट या मूळ रहिवाशांची भाषा आज मोजक्या वृद्धांच्या तोंडी उरली आहे. ती कशी गेली याची चर्चा निघाली की शेल्डन जॅक्सन या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) पाद्र्याचे नाव येतेच.

जन्म १८३४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. धर्मशिक्षण प्रिन्स्टनला. परदेशी मिशनवर जायची त्याची फार इच्छा होती, पण प्रकृती तोळामासा आणि उंची जेमतेम पाच फूट. मिशन मंडळाने त्याला देशातच चोक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या मुलांच्या शाळेवर धाडले. १८६९ साली अमेरिकेच्या पश्चिमेचा मोठा मुलूख मिशनच्या कामासाठी त्याच्याकडे आला. त्याच वर्षी दोन महासागरांना जोडणारी रेल्वे पुरी झाली, आणि जॅक्सन रुळांमागून निघाला. शायन, रॉलिन्स अशा नव्या वस्त्यांत उतरायचे, चार घरे जमवून चर्चची मंडळी स्थापायची आणि पुढची गाडी धरायची. पाद्री मागाहून येई. आयुष्यभरात त्याने शंभराहून अधिक चर्च उभारल्याचे सांगतात.

अलास्कात तो १८७७ साली पोचला. तिथल्या रँगेल गावी अमांडा मॅकफार्लंड या शिक्षिकेवर शाळा सोपवून तो परतला, ते वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवायला. १८८४ च्या कायद्याने अलास्कातल्या शिक्षणासाठी २५,००० डॉलर मंजूर झाले, आणि पुढच्या वर्षी त्या खर्चावर सरकारने नेमला तो हाच गृहस्थ! मिशनचा माणूस सरकारी तिजोरीतून मिशनच्या शाळांना पैसे देऊ लागला. शाळांत फक्त इंग्रजी. याच सुमारास कोल्हापुरात प्रेस्बिटेरियन मिशनरी मराठी शिकून मराठीत काम करत होते, हे ध्यानात घेतले की अलास्कातला हट्ट धर्माचा कमी आणि राज्यकर्त्याचा जास्त वाटतो.

रेनडिअरची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. व्यापारी शिकाऱ्यांनी देवमासे आणि वॉलरस संपवत आणल्याने किनाऱ्यावरचे इन्युपियाक हे मूळ रहिवासी उपासमारीत होते. कॅप्टन मायकेल हीली याच्या ‘बेअर’ जहाजातून जॅक्सनने सायबेरियातून रेनडिअर आणवले. १९०२ पर्यंत सुमारे १,२८० आले. ते पाळायला शिकवण्यासाठी नॉर्वेतून सामी या रेनडिअर पाळणाऱ्या जमातीचे गुराखी बोलावले. कल्पना चांगली होती, पण बरेच कळप मिशनांच्याच ताब्यात राहिले. त्यावरून सरकारी चौकशी झाली, जॅक्सनला पद सोडावे लागले आणि १९०९ साली तो वारला. अलास्कातले रेनडिअर फक्त मूळ रहिवाशांच्या मालकीचे असावेत, हा कायदा व्हायला १९३७ उजाडले.