रिअ‍ॅलिटी शोमधला भेदभाव मोजायचा कसा?

2006 साली ‘सर्व्हायव्हर’ या अमेरिकी रिअ‍ॅलिटी शोच्या कुक आयलंड्स पर्वात 20 स्पर्धकांच्या चार टोळ्या थेट वंशावरून पाडल्या गेल्या: गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो. अमेरिकेत भरपूर टीका झाली आणि थोड्याच भागांत टोळ्यांची सरमिसळही झाली. इतका उघड प्रकार विरळाच. एरवी वंश, लिंग आणि लैंगिकतेचं चित्र रंगतं ते एडिटिंगच्या टेबलावर, आणि ते मोजता येतं.

सोपं एकक म्हणजे कन्फेशन, स्पर्धक एकटा कॅमेऱ्याशी बोलतो तो तुकडा. एक्सेलमध्ये प्रत्येक तुकड्याला एक ओळ द्यायची: कोण बोललं, किती सेकंद आणि कशाबद्दल (खेळातली चाल, भांडण की स्वतःची ओळख). समलिंगी स्पर्धकाच्या वाट्याला ‘घरच्यांना कसं सांगितलं’ एवढंच येत असेल, तर तो पडद्यावर आहे खरा, पण खेळाडू म्हणून नाही. शेवटी स्पर्धक जितक्या भागांत होता, त्या संख्येने त्याच्या सेकंदांना भागायचं, नाहीतर लवकर बाहेर पडलेल्यावर उगाच अन्याय झालेला दिसतो.

घोळ होतो तो ‘आक्रमक’ या रकान्यात. कृष्णवर्णीय बाईचा चढा आवाज ‘आक्रमक’ आणि गोऱ्या पुरुषाचा तोच आवाज ‘ठाम’, असा मोजणाऱ्याचाच पूर्वग्रह तक्त्यात उतरतो. म्हणून हा रकाना फोडायचा: आवाज चढवला, समोरच्याचं बोलणं तोडलं, जागेवरून उठून अंगावर गेला. दोघांनी एकमेकांचं न बघता नोंदी करायच्या आणि कोहेनचा कॅपा, म्हणजे दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढायचा. निव्वळ योगायोगाने जुळलेल्या नोंदी त्यात हिशोबाबाहेर जातात. तो 0.7 च्या खाली आला, तर व्याख्या पुन्हा लिहायला बसायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर सगळी मोजणी फुकट.

वाक्य ऐकू येतंय, पण बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही आणि मध्येच आवाजाची पट्टी बदलते? वेगवेगळ्या वेळचे शब्द जोडून ते वाक्य तयार केलेलं असू शकतं. असा तुकडा वेगळ्या खुणेने नोंदवायचा.

एक मर्यादा मात्र राहतेच. ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये 2007 साली शिल्पा शेट्टीला मिळालेल्या वागणुकीवर ऑफकॉमकडे (तिथली प्रसारण नियामक संस्था) 44,500 हून जास्त तक्रारी आल्या. मे महिन्यात ऑफकॉमने चॅनल 4 ला तीन प्रसंगांबद्दल दोषी धरलं. त्या चौकशीत न दाखवलेल्या चित्रणाचाही मुद्दा निघाला. आपल्या तक्त्यात फक्त प्रसारित झालेलं येतं, त्यामुळे चॅनलने काय दाखवलं एवढंच त्यावरून सांगता येतं. घरात काय घडलं, ते नाही.